गोव्याची नाकेबंदी: आर्थिक निर्बंध नेमके कोणाला लागतात?

(सावंतवाडी येथे दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मित्रहो, शत्रुराष्ट्रावर घातलेल्या आर्थिक निर्बंधांचा खरोखर उपयोग होतो का, हा आजचा विषय आहे. रशिया आणि इराण ही नावे रोज पेपरात असतात, त्यामुळे तुमच्या मनात तीच उदाहरणे असणार. मी सुरुवात करणार आहे ती इथून अर्ध्या तासाच्या अंतरावर, गोव्याच्या हद्दीवर असलेल्या पत्रादेवीच्या नाक्यापासून. स्वतंत्र भारताने एका परकीय सत्तेविरुद्ध नाकेबंदी केली आणि ती कित्येक वर्षे चालवली, ती याच हद्दीवर. गोवामुक्तीचा आपला इतिहास १९५५ च्या सत्याग्रहापाशी थांबतो आणि तिथून एकदम १९६१ च्या डिसेंबरात लष्करासोबत पणजीत पोचतो. मधल्या सहा वर्षांत इथल्या नाक्यांवर काय अडवले जात होते आणि काय सुटत होते, हे फारसे कोणी सांगत नाही. निर्बंधांबद्दल शिकण्यासारखे बहुतेक सगळे त्या सहा वर्षांत आहे, असे माझे मत आहे.

थोडी पार्श्वभूमी सांगतो. फेब्रुवारी १९५० मध्ये भारताने पोर्तुगालला बोलणी सुरू करा म्हणून सांगितले. लिस्बनमध्ये सालाझारची हुकूमशाही होती. तिने १९५१ मध्ये घटनाच बदलली आणि गोवा, दमण, दीव या वसाहती नसून पोर्तुगालचे सागरापलीकडचे प्रांत आहेत, असे जाहीर केले. बोलणी कशाची करायची, हा प्रश्नच त्यांनी निकालात काढला. जून १९५३ मध्ये भारताने लिस्बनमधली आपली वकिलात बंद केली. १९५४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये दादरा आणि नगरहवेली मुक्त झाली आणि तेव्हापासून हद्दीवर परवाने, तपासण्या, मालाची अडवणूक सुरू झाली. १९५५ मध्ये मे महिन्यात नानासाहेब गोरे आणि सेनापती बापट यांची तुकडी आत गेली. १५ ऑगस्टला हजारो नि:शस्त्र माणसे हद्द ओलांडायला निघाली आणि पाकल्यांनी, म्हणजे पोर्तुगीज शिपायांनी, त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. देशभर संताप उसळला. मुंबईत तर रस्त्यावर उतरून लोकांनी तो दाखवला.

नेहरूंपुढे तेव्हा तीन वाटा होत्या. लष्कर पाठवायचे, सत्याग्रही मरू द्यायचे किंवा तिसरे काहीतरी करायचे. लष्कराला त्यांनी त्या वेळी नकार दिला. जगाला शांततेचे धडे देणारा देश बंदूक उचलतो, हे त्यांना नको होते. सामूहिक सत्याग्रहही थांबवायला लावला. उरले ते आर्थिक दडपण. मुरगावहून कॅसलरॉकला येणारी रेल्वे तोडली गेली. पणजीतली भारताची वकिलात बंद झाली. भारतातून गोव्यात माल जाणे थांबले, जाण्यायेण्याला परवाना लागू लागला आणि पैसे पाठवण्यावर बंधने आली.

कागदावर ही योजना भक्कम होती. गोव्याची लोकसंख्या त्या वेळी सहा लाखांच्या आतली. गोव्यातला भात गोव्याला पुरत नसे. कापड, साखर, भाजीपाला, कांदे-बटाटे भारतातून जात. गोव्याचे मीठ, नारळ, सुपारी, मासळी यांचे गिऱ्हाईक भारतच. गोव्याचा रुपिया भारतीय रुपयाच्या बरोबरीने चालत असे. शिवाय एकट्या मुंबईत लाखाच्या घरात गोवेकर होते. बोटीवरचे तारवटी, हॉटेलांतले आचारी, बँडमधले वादक, कारकून, परिचारिका, घरकाम करणाऱ्या बाया. धोबीतलाव, माझगाव भागांत गावोगावच्या कूडी होत्या. गावातून आलेला माणूस आपल्या गावच्या कूडीत ट्रंक ठेवायचा आणि कामाला लागायचा. महिन्याच्या महिन्याला त्यांच्या मनिऑर्डरी बार्देश-साष्टीच्या घरांत पोचत आणि त्यावर चुली चालत. तीन बाजूंनी भारत आणि चौथ्या बाजूला समुद्र. लिस्बन हजारो मैल दूर. असा प्रदेश वर्ष-दोन वर्षांत गुडघे टेकेल, हा हिशेब वेडगळ नव्हता.

तो चुकला तो चौथ्या बाजूमुळे. समुद्र उघडा होता. तो बंद करायचा म्हणजे आरमार उभे करून परक्या देशांची व्यापारी जहाजे अडवायची. आंतरराष्ट्रीय कायद्यात ते युद्धच. युद्ध टाळण्यासाठी नाकेबंदी केली होती, म्हणून समुद्राला हात लावता येत नव्हता. आणि ज्याला हात लावता येत नव्हता त्याच मार्गाने गोव्यातली सर्वांत मौल्यवान वस्तू बाहेर जात होती.

ती वस्तू म्हणजे लोहखनिज. दुसऱ्या महायुद्धानंतर जपान आणि पश्चिम जर्मनी पुन्हा उभे राहत होते, त्यांच्या पोलादाच्या भट्ट्यांना खनिज हवे होते. जपानजवळ स्वतःचे खनिज जवळजवळ नव्हते. सत्तरी, डिचोली, सांगे या भागांत ते डोंगरात पडले होते, तिथून बार्जमध्ये भरून मांडवी-झुआरीतून मुरगावला न्यायला नद्या होत्या आणि मुरगाव हे उत्तम बंदर होते. जपानी पोलाद उद्योगाने गोव्यातल्या खाणमालकांना यंत्रे आणि आगाऊ पैसे द्यायला नाकेबंदीच्या आधीच सुरुवात केली होती. १९५० च्या सुमारास किरकोळ असलेली ही निर्यात १९५४ मध्ये दहा लाख टनांच्या वर गेली आणि १९६१ पर्यंत साठ लाख टनांच्या घरात पोचली. म्हणजे ज्या वर्षांत आपण गोव्याचा श्वास कोंडतो आहोत असे दिल्लीला वाटत होते, नेमक्या त्याच वर्षांत गोव्याची परदेशी कमाई कित्येक पटींनी वाढली.

पैसा आला की माल येतोच. हॉलंडचे बटाटे आले, सिलोनचा चहा आला, जपानचे सिमेंट आले. पाकिस्तानने भाजीपाला पाठवला. दाबोळीला विमानतळ झाला आणि १९५५ मध्येच पोर्तुगीज भारताची स्वतःची विमानसेवा सुरू होऊन कराचीला विमाने जाऊ लागली. आयातीवर निर्बंध नाममात्र होते. त्यामुळे पणजी-मडगावच्या दुकानांत स्विस घड्याळे, जर्मन रेडिओ, नायलॉनचे कापड, फाउंटन पेने आणि विलायती दारू अशी मिळू लागली की त्या काळच्या मुंबईच्या मध्यमवर्गीयाला स्वप्नातही दिसू नये. भारतात तेव्हा परकीय चलनाचा दुष्काळ, मुंबई राज्यात दारूबंदी आणि सोन्याच्या आयातीवर बंदी. साहजिकच गोव्यातून हा माल इकडे येऊ लागला. तेरेखोलच्या खाडीतून आला, दोडामार्गच्या रानातून आला, होड्यांतून आला. निर्बंधांनी एक उलटीच गोष्ट घडवली: आपण त्यांची कोंडी करायला उभारलेल्या हद्दीवर दोन्ही बाजूंच्या माणसांचा एक धंदा उभा राहिला आणि ती हद्द तशीच राहावी यात काहींचा स्वार्थ तयार झाला. जगात जिथे जिथे लांबलेले निर्बंध आहेत तिथे तिथे असा वर्ग तयार होतो. इराकमध्ये झाला, सर्बियात झाला. बहुतेक वेळा तो राज्यकर्त्याच्या पदराखालीच वाढतो.

आता दुसरी बाजू. खनिजाला समुद्र होता, मनिऑर्डरीला नव्हता. कूडीत राहणारा तारवटी, त्याची गावातली आई, बायको, मुले यांना हा फटका थेट बसला. लग्नाला, मयताला, फेस्ताला जायचे तरी परवाना. गोव्यातल्या मिठागरवाल्याचे आणि माडवाल्याचे गिऱ्हाईक गेले, आणि त्याचा माल घ्यायला जपानी आगबोट थोडीच येणार होती? अलीकडच्या बाजूलाही हेच झाले. बांदा, आरोंदा, दोडामार्ग इथल्या माणसाला गोव्याचा बाजार हा घरचा बाजार होता. सोयरीक तिकडची, देव तिकडचे, वैद्यही तिकडचा. ते एका हुकुमाने तुटले. तुमच्यापैकी काहींच्या घरी त्या काळच्या आठवणी असतील, त्या लिहून ठेवा एवढी विनंती मी करेन. सरकारी कागदांत त्या सापडत नाहीत.

मला या सगळ्यात सर्वांत जास्त टोचते ती ही गोष्ट. ज्यांना फटका बसला त्यांच्या हातात काहीच नव्हते. गोव्यात मतदानाचा खरा हक्क नव्हता, सभा नव्हत्या, वृत्तपत्रांवर सेन्सॉर होता. साष्टीतली एक विधवा मनिऑर्डर थांबली म्हणून सालाझारला काय सांगणार होती? तिचे दुःख लिस्बनपर्यंत पोचवणारी एकही वाट नव्हती. ज्यांचा आवाज सत्तेपर्यंत पोचू शकत होता, ते खाणींचे आणि आयातीचे व्यापारी, त्यांची भरभराट चालली होती. दडपण पडले ते भलत्याच जागी. उलट पोर्तुगीज प्रचाराला एक आयते वाक्य मिळाले: बघा, भारत तुम्हाला उपाशी मारतो आहे आणि आम्ही हॉलंडहून बटाटे आणून तुम्हाला जगवतो आहोत. हा प्रचार खोडून काढायला वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांना १९५५ पासून आंबोलीच्या आणि कॅसलरॉकच्या जंगलांतून गुप्त रेडिओ चालवावा लागला. सहा वर्षे तो आवाज त्यांनी चालू ठेवला. त्यांच्या धैर्यापुढे मी नतमस्तक आहे. पण हेही खरे की त्यांच्यावरच्या ओझ्यात आपल्याच धोरणाने भर घातली होती.

पोर्तुगाल का वाकला नाही याचे आणखी एक कारण आहे आणि ते गोव्यात सापडणार नाही. सालाझारला गोव्यातून नफा हवा होता असे नाही. गोवा सोडला तर अंगोला आणि मोझांबिक कोणत्या तोंडाने ठेवायचे, ही त्याची अडचण होती. ज्या गोष्टीवर राजवटीचे अख्खे अस्तित्व टांगलेले असते ती गोष्ट कोणी साखर-कापडासाठी सोडत नाही. त्यात पोर्तुगाल नाटोचा संस्थापक सदस्य, आणि अटलांटिक महासागरातल्या अझोर्स बेटांवरचा हवाई तळ अमेरिकेला अत्यावश्यक. डिसेंबर १९५५ मध्ये अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री डलेस यांनी पोर्तुगीज परराष्ट्रमंत्र्यांसोबत जे निवेदन काढले त्यात आशियातल्या पोर्तुगीज 'प्रांतांचा' उल्लेख होता. दिल्लीत त्यावरून संताप झाला तो योग्यच होता. पण त्याच निवेदनात दडपणाची खरी कळ कुठे होती तेही दिसते. ती वॉशिंग्टनमध्ये होती, आणि ती दाबण्याची ताकद आपल्याजवळ नव्हती.

ती कळ दाबली तर काय होते, हे बरोबर एका वर्षाने दिसले. १९५६ मध्ये ब्रिटन आणि फ्रान्सने इस्रायलसह इजिप्तमधल्या सुएझ कालव्यावर हल्ला केला. अमेरिकेचे अध्यक्ष आयसेनहॉवर संतापले. पौंडाची घसरण सुरू झाली होती, ब्रिटनला नाणेनिधीचे कर्ज हवे होते, आणि अमेरिकेने सांगितले की सैन्य मागे घेतल्याशिवाय मदत नाही. ब्रिटनचे अर्थमंत्री मॅकमिलन, जे आधी युद्धाच्या बाजूने होते, तेच गंगाजळी आटताना पाहून युद्धबंदी मागू लागले. ६ नोव्हेंबरला युद्ध थांबले, डिसेंबर संपायच्या आत ब्रिटिश सैन्य इजिप्तमधून गेले. एकाही बंदराची नाकेबंदी न करता एक साम्राज्य माघारी फिरले. हे का जमले? मागणी नेमकी होती: सैन्य काढा. ब्रिटनला तिसरा सावकार नव्हता. आणि ज्याला झळ बसली तो माणूस मंत्रिमंडळाच्या बैठकीतच बसलेला होता.

मित्राला नमवणे शत्रूला नमवण्यापेक्षा सोपे असते, कारण मित्राचा जीव तुमच्यात अडकलेला असतो. शत्रूशी व्यापार आधीच तुटपुंजा, मैत्री नाहीच, मग तोडणार काय? 'शत्रूवर निर्बंध' ही कल्पना इथेच लंगडी पडते. अमेरिकेत या विषयावर झालेल्या सर्वांत गाजलेल्या अभ्यासाने शंभरावर प्रकरणे तपासून सुमारे ३४ टक्के वेळा निर्बंधांना यश आले, असा निष्कर्ष काढला होता. त्याच यादीतली यशस्वी म्हटलेली ४० प्रकरणे दुसऱ्या एका अभ्यासकाने पुन्हा उघडली आणि त्यांतली जेमतेम ५ खऱ्या अर्थाने निर्बंधांमुळे जमली, असे दाखवले. बाकीच्यांत बंदुका होत्या, किंवा समोरचा वाकलाच नव्हता. आकड्यांवर वाद घालता येईल. पण १९६१ चा गोवा यशस्वी ठरवायचा म्हटले तर त्याचे श्रेय कोणाला द्याल, नाकेबंदीला की डिसेंबरात गोव्यात शिरलेल्या जनरल कँडेथ यांच्या फौजेला? ३६ तासांत जे घडले ते सहा वर्षांत घडले नव्हते.

आता तुम्ही म्हणाल, दक्षिण आफ्रिकेचे काय? तिथे तर बहिष्काराने वर्णद्वेष हरला. हे उदाहरण मला फार प्रिय आहे, कारण त्याची सुरुवात आपण केली. जुलै १९४६ मध्ये, स्वातंत्र्याच्याही आधी, भारताने दक्षिण आफ्रिकेशी व्यापार तोडला. तिथल्या भारतीयांच्या जमीनहक्कांवर गदा आणणारा कायदा त्या वर्षी झाला होता. आपल्या एकूण निर्यातीतला पाच टक्क्यांच्या आसपासचा हिस्सा तिकडे जात होता. गरीब देशाने तो स्वतःहून सोडला, आणि पुढे जवळपास पन्नास वर्षे ती भूमिका धरून ठेवली. याचा मला अभिमान वाटतो आणि तो लपवण्याचे कारण नाही.

पण प्रिटोरियातले गोरे सरकार त्याने हलले का? नाही. १९४८ मध्ये तर वर्णद्वेषी पक्ष सत्तेवरच आला. १९७७ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी शस्त्रबंदी केली, तर त्यांनी स्वतःचे शस्त्रकारखाने उभारले. अरब देशांनी तेल रोखले, तर इराणच्या शहाने ते दिले आणि शहा गेल्यावर त्यांनी कोळशापासून तेल काढण्याचा उद्योग वाढवला. धक्का बसला तो १९८५ मध्ये. काळ्या वस्त्यांमध्ये उठाव पेटला होता, आणीबाणी लागली होती. अध्यक्ष बोथा सुधारणा जाहीर करतील अशी सगळ्यांची अपेक्षा असताना त्यांनी ऑगस्टमध्ये ताठर भाषण केले. त्याच सुमाराला न्यूयॉर्कच्या चेस मॅनहॅटन बँकेने अल्प मुदतीची कर्जे पुढे चालू ठेवायला नकार दिला, इतर बँका मागोमाग गेल्या, तिथले चलन रँड कोसळले आणि देशाला कर्जफेड थांबवावी लागली. कोणत्याही सरकारने बँकांना तसा हुकूम दिला नव्हता. अमेरिकेच्या काँग्रेसने रेगन यांचा नकाराधिकार झुगारून निर्बंधांचा कायदा केला तो नंतर, १९८६ मध्ये.

गोव्याशी ताडून पाहा. दक्षिण आफ्रिकेत झळ बसली ती गोऱ्या उद्योगपतीला, गोऱ्या ठेवीदाराला. त्याला मत होते, त्याचे खासदार होते, त्याच्या पैशावर राज्य चालत होते. दुसरे म्हणजे, आतून मोठी चळवळ उभी होती. आणि तिसरी गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते: बहिष्कार टाका ही मागणी खुद्द तिथल्या पीडितांनी केली होती. आफ्रिकन नॅशनल काँग्रेसचे अध्यक्ष आल्बर्ट लुथुली यांनी १९५९ मध्ये जगाला तसे आवाहन केले, आणि त्याने आमच्या लोकांनाही झळ बसेल हे जाणून केले. झळ सोसायला तयार असलेल्या माणसाने मागितलेला बहिष्कार आणि ज्याला विचारलेच नाही त्याच्यावर लादलेली नाकेबंदी यांत नैतिक अंतर फार मोठे आहे. शिवाय एवढे सगळे होऊनही १९४६ पासून १९९४ च्या निवडणुकीपर्यंत ४८ वर्षे गेली.

या भूगोलात एक विलक्षण धागा आहे. १९६५ मध्ये शेजारच्या ऱ्होडेशियात इयन स्मिथच्या गोऱ्या सरकारने एकतर्फी स्वातंत्र्य जाहीर केले. ब्रिटनने निर्बंध घातले आणि पंतप्रधान विल्सन यांनी राष्ट्रकुलाच्या बैठकीत सांगितले की हा प्रश्न महिन्यांचा नाही, आठवड्यांचा आहे. तो चौदा वर्षे चालला. कारण? ऱ्होडेशियाचा माल बाहेर जायचा आणि तेल आत यायचे ते दक्षिण आफ्रिकेतून आणि पोर्तुगीज मोझांबिकमधून. म्हणजे ज्या सालाझारने गोव्यात आपली नाकेबंदी निष्फळ केली, त्यानेच तिकडे ब्रिटनची केली. मोझांबिक स्वतंत्र झाले, त्यांनी १९७६ मध्ये हद्द बंद केली, आणि मग स्मिथची बाजू ढासळू लागली. ती किंमत ब्रिटनने दिली नाही, नुकत्याच स्वतंत्र झालेल्या गरीब मोझांबिकने दिली.

इराकबद्दल थोडक्यात बोलतो, कारण ते बोलताना मला त्रास होतो. ऑगस्ट १९९० पासून २००३ पर्यंत, इतिहासातले सर्वांत कडक निर्बंध. तिथे समुद्रही बंद होता. गोव्यात जे करता आले नाही ते सगळे तिथे करता आले. सद्दाम पडला का? अन्न रेशनवर आले, रेशनकार्ड सरकारच्या हाती, आणि दर महिन्याचे पीठ-तांदूळ ज्याच्या हातून मिळतात त्याच्याविरुद्ध माणूस बंड करत नाही. मध्यमवर्ग, जो कधीतरी उभा राहिला असता, तो पुस्तके आणि फर्निचर विकून जगू लागला. बगदादमधले संयुक्त राष्ट्रांचे मानवतावादी कामाचे प्रमुख डेनिस हॅलिडे यांनी १९९८ मध्ये निषेध म्हणून राजीनामा दिला, त्यांच्या जागी आलेले हान्स फॉन स्पोनेक यांनीही २००० मध्ये तेच केले. एकाच खुर्चीवरून लागोपाठ दोन माणसे उठून जातात, तेव्हा त्या धोरणात काहीतरी भयंकर चुकलेले असते. हेही खरे की अण्वस्त्रांचा इराकचा कार्यक्रम या काळात पुन्हा उभा राहिला नाही. यंत्रे आणि सुटे भाग रोखण्याचे काम निर्बंधांनी केले. सामग्री रोखणे त्यांना जमते. माणसाचे मन किंवा राजवट बदलणे जमत नाही.

आपणही दुसऱ्या बाजूला उभे राहिलो आहोत. १९७४ च्या पोखरणनंतर अमेरिकेने तारापूरच्या इंधनात अडथळे आणले. १९८२ मध्ये ते फ्रान्सने पुरवायला घेतले. १९८० च्या दशकात आपल्याला हवा तो क्रे महासंगणक मिळाला नाही, तेव्हा पुण्यात सी-डॅक ही संगणक संशोधन संस्था उभी राहिली आणि विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये 'परम' तयार झाला. १९९८ च्या चाचण्यांनंतर पुन्हा निर्बंध आले. स्टेट बँकेने परदेशस्थ भारतीयांकडून रोख्यांतून चार अब्ज डॉलरच्या वर रक्कम उभी केली आणि सप्टेंबर २००१ मध्ये, अमेरिकेवरच्या हल्ल्यानंतर लगेच, बहुतेक निर्बंध उठले. आपण काही बदलले म्हणून ते उठले नाहीत, अमेरिकेची गरज बदलली म्हणून उठले. या गोष्टी आपण विजयाच्या सुरात सांगतो आणि त्यात तथ्य आहे. पण रॉकेटच्या क्रायोजेनिक इंजिनासाठी, अणुभट्ट्यांच्या भागांसाठी आपल्या शास्त्रज्ञांची जी वर्षे गेली त्यांचाही हिशेब करायला हवा. निर्बंधांनी आपल्याला वाकवले नाही, हळू मात्र नक्कीच केले. ज्या देशाने ते घातले त्याला कदाचित तेवढेच हवे होते.

आणि रशिया. २०२२ मध्ये पाश्चात्त्यांनी रशियाची सुमारे ३०० अब्ज डॉलरची गंगाजळी गोठवली, डिसेंबरात त्याच्या तेलाला पिंपामागे ६० डॉलरची कमाल किंमत ठरवली. युद्ध थांबले नाही. रशियन तेल कुठे गेले? बरेचसे चीनला आणि आपल्याकडे. युद्धाआधी आपल्या आयातीत रशियन तेल दोन टक्क्यांच्या आसपास होते, वर्षभरात ते एक तृतीयांशावर गेले. आपल्या दृष्टीने ते शहाणपणाचे होते, महाग तेल घेऊन इथल्या रिक्षावाल्याने युक्रेनची लढाई का लढायची, हा प्रश्न रास्त आहे. मी एवढेच सांगेन की १९५८ मध्ये मुरगावहून खनिज उचलणारा जपानी व्यापारीही हेच म्हणत असणार, आणि तेव्हा आपल्याला ते आवडले नव्हते.

श्रोत्यांमधून एक चिठ्ठी आली आहे: मग १९५५ मध्ये करायला काय हवे होते? प्रश्न अगदी योग्य आहे, त्याचे उत्तर टाळून मला जाता येणार नाही. माझ्या मते मनिऑर्डरी, कुटुंबांचे येणेजाणे आणि मीठ-नारळाचा बाजार उघडा ठेवायला हवा होता, किंबहुना अधिक उघडा करायला हवा होता. गोवेकराला भारताशी जोडणारा प्रत्येक धागा हा सालाझारविरुद्धचा धागा होता, तो आपणच का कापायचा? दडपण आणायचे ते खनिजावर. समुद्रात नाही, टोकियोत. कारण तिथे आपल्या हातात काहीतरी होते. जपानला भारताचेही खनिज हवे होते: १९५८ मध्ये किरीबुरूच्या आणि १९६० मध्ये बैलाडिलाच्या खनिजाचे करार झाले. युद्धानंतरचे जपानचे पहिले येन कर्ज १९५८ मध्ये भारतालाच मिळाले होते, म्हणजे संबंध चांगले होते आणि गरज दोन्हीकडून होती. आमचे दीर्घ मुदतीचे खनिज हवे असेल तर मुरगावची उचल टप्प्याटप्प्याने कमी करा, ही अट तिथे घालता आली असती. त्यासाठी भाव उतरवावा लागला असता, आपल्यालाही तोटा सोसावा लागला असता. जपानने कदाचित नकारही दिला असता. पण तो तोटा दिल्लीच्या तिजोरीने सोसला असता, साष्टीतल्या त्या विधवेने नव्हे, आणि सालाझारच्या गोव्यातल्या एकमेव खऱ्या उत्पन्नाला पहिल्यांदाच हात लागला असता.